सातवा होल आणि आत्याचा वाल

भांबुर्ड्याचा पाला एकदा हातात चुरगळला की बोटांना लागलेला वास दोन दिवस सुटत नाही. पौष लागला की पेणहून खांबकडे जाणाऱ्या एस.टी.त मला तो खिडकीतून येतो. गडब मागे पडतं, रस्त्याच्या कडेला बायका वालाच्या शेंगांचे वाटे मांडून बसलेल्या दिसतात, शेजारी पाल्याच्या जुड्या असतात, आणि हायवेची धूळ, डिझेलचा धूर, उखडलेलं डांबर या सगळ्यांना बाजूला सारून तो उग्र, ओव्याच्या जवळचा वास आत शिरतो. पोपटीचे दिवस आले. मडक्यात पाला, पाल्यावर शेंगा, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच ओलीवर शिजतात.

या दिवसांत कोणाला काय आठवत असेल ते असो. मला गोल्फचं मैदान आठवतं.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी मोर्च्यातली मुलगी आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पत्रकं लिहिते, छापून आणते, एस.टी. स्टँडवर वाटते आणि लोकांनी टाकलेली उचलून पुन्हा वाटते. पत्रकाने मला लहान वाक्यं शिकवली. विशेषणं वाया घालवू नयेत हेही शिकवायचा प्रयत्न केला, ते मी शिकले नाही. तर अशा मुलीने पार तीनचा एक होल आखायला मदत केली, आणि तो होल आज खांबच्या आतल्या आमच्या गावात उभा आहे. उभा आहे म्हणणं बरोबर आहे की नाही ठाऊक नाही. मला तरी तो उभाच दिसतो.

आधी जागा सांगते. गावाच्या मागे दोन टेकाडं आहेत, समोरासमोर, रुसलेल्या जावांसारखी. त्यांच्यामध्ये भाताची एक लांबट पट्टी आहे. पावसाळ्यात तिथे घोट्यापर्यंत पाणी, त्यात भात. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकायचा. विहीर नाही, पंप नाही, पाट नाही. जमीन आपलं पाणी पोटाशी धरून ठेवते आणि माघापर्यंत वालाला पुरवते. ही पट्टी पाच घरांची, त्यात सगळ्यात मोठा तुकडा माझ्या भागीआत्याचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परत आली, आजोबांनी जमीन तिच्या नावावर केली. त्या आधी ती जमीन खोतांची होती आणि आमचे आजोबा त्यांचे कूळ. कायदा आला आणि कसणाऱ्याची झाली. हे मी पत्रकात एका ओळीत लिहिते. आत्या ते लिहीत नाही, ती रोज सकाळी बांधावरून चालत जाते.

टेकाडं मात्र विकली गेली होती. मी शाळेत असतानाच, एकेक करून. घेणारी कंपनी एकच होती हे शेवटी कळलं. मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. अठरा होलचं गोल्फचं मैदान. त्यातला सातवा होल आमच्या दोन टेकाडांमध्ये, आणि त्याची हिरवळ, म्हणजे निशाण रोवायची गुळगुळीत गवताची जागा, नेमकी वालाच्या पट्टीत. शेजारी निळ्या रंगात तळं. तळ्याच्या तळाशी प्लास्टिक घालणार होते. जी जमीन फुकटात चार महिने पाणी धरते तिथे प्लास्टिक घालून पाणी विकत धरायचं! मी त्याच दिवशी पेणला जाऊन पत्रक लिहिलं. ‘गोल्फ हटवा, वाल वाचवा.’ अर्ध्या पानात तेरा उद्गारचिन्हं. नंतर मोजली.

सभेला कंपनीचा मॅनेजर होता आणि त्याच्या शेजारी साठीतला एक उंच माणूस, पायात चिखलाचे बूट, डोक्यावर कापडी टोपी. मैदान आखणारा. आडनाव प्रधान, मूळचे रोह्याचे. मला नुसतं आडनाव पुरलं. ज्यांची आम्ही कुळं होतो त्याच घरातला नातू. मी उभी राहिले आणि पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोलले. प्रधानांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुम्ही ही जागा शेवटची कधी पाहिलीत?”

दोन वर्षं मी पट्टीत उतरले नव्हते. आत्याकडे यायचे, चहा प्यायचे, सह्या गोळा करायचे आणि कोलाडच्या नाक्यावरून शेवटची गाडी पकडायचे.

“मी चैत्रात तिथे अकरा दिवस चाललोय,” ते म्हणाले. “अनवाणीसुद्धा.”

लोक हसले. माझे लोक! कानाच्या पाळ्या तापल्या ते अजून आठवतं. घरी आले तर आत्या माझ्याच पत्रकाच्या पुड्या बांधत होती. एकीत मीठ, एकीत ओवा.

“आत्या, हे छापलंय मी!”

“कागद चांगला हाय गो,” आत्या म्हणाली. “मीठ ओलं व्हत नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीत उतरले. रागाने. कोणावरच्या रागाने ते विचारू नका.

त्या रागाचा हंगाम लांबला. पाच घरांपैकी एका घराने आपला तुकडा वर्षभर कंपनीला वापरायला दिला होता, आणि प्रधानांनी तिथे भराव टाकून हिरवळीचा नमुना लावून पाहिला होता. ते अधूनमधून येत. मी बांधावर बसून त्यांच्यावर नजर ठेवी. मी त्यांना काका म्हटलं नाही, साहेब तर नाहीच. ‘अहो’ एवढ्यावर काम भागवलं. अशाने माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं नाही. उलट भांडायला दुसरं कोणी नसलं की फार बोलतात.

“पार तीन म्हणजे काय, अहो?”

“एका फटक्यात हिरवळीवर पोचायचं. मग दोन हलके टोले, चेंडू आत. तीन.”

“मग त्यात अवघड काय?”

“तो एक फटका,” ते म्हणाले. “बाकीच्या होलवर चुकलं तर पुढे सावरता येतं. इथे एकच बोलायची संधी. समोर सगळं दिसलं पाहिजे. कुठे जायचं ते दिसलं पाहिजे, कुठे मरायचं तेही दिसलं पाहिजे. आणि भित्र्यालाही एक वाट ठेवायची. लांबची, पण वाट. नाहीतर तो होल अवघड नाही, नुसता दुष्ट. अवघड आणि अन्याय यांत फरक असतो, बाई.”

“हा फरक तुमच्या आजोबांना ठाऊक असता तर आमच्या आजोबांची पाठ वाचली असती.”

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं, जिंकले. पण त्या संध्याकाळी एस.टी.त मी त्यांचंच वाक्य घोळवत होते. एकच बोलायची संधी. पत्रकही तसंच असतं. स्टँडवर माणूस धावत असतो, कागद हातात पडतो, एक ओळ वाचतो आणि एकतर खिशात घालतो नाहीतर चुरगळतो. दुसरा फटका नसतो. इतकी वर्षं मी एका ओळीत पोचायच्या ऐवजी तेरा उद्गारचिन्हं मारत होते.

मग पाऊस आला आणि गेला, भात पिवळा झाला आणि कापला, आणि मार्गशीर्षात नमुन्याची हिरवळ काळी पडली. एका रात्रीत नाही. आधी मधोमध एक ओला डाग, मग डागाला कडा, मग पाय ठेवला की बुटाभोवती पाणी. त्या गवतावर किती औषधं मारली, किती वाळू ओतली. त्याच्या दोन हातांवर आत्याचा वाल मात्र टचटचीत उगवून आला होता. प्रधान गुडघ्यांवर बसले, बोट मातीत खुपसलं आणि नाकाशी नेलं. त्यांचं तोंड पडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. खोटं कशाला सांगू?

आत्या वालाची खुरपणी करत होती. कंबर सरळ न करताच म्हणाली, “काय खोतांनो, कुजलं काय?”

“कुजलं,” प्रधान म्हणाले.

“कुजनारच. तुमी आलात चैतात. तवा भेगा पडल्याल्या असतात, कोणालापन वाटंल कडक जमीन हाय. हितं माघापत्तूर पानी हाय खाली. वालाला पायजे तेवढं. तुमच्या गवताला नको तेवढं.”

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलात कुटं? तुमी चालत व्हतात.”

अकरा दिवस अनवाणी चाललेला माणूस आणि दोन वर्षं न फिरकलेली मी, दोघंही त्या बांधावर सारखेच उभे होतो. तिसरी होती ती वाकून काम करत होती.

आता ज्या दुपारसाठी हा लेख लिहायला घेतला ती येते. पौषातली दुपार, चारचा सुमार. गावाकडच्या टेकाडाच्या अंगावर एक सपाट कातळ आहे, ओसरीसारखा. आमचं खळं तिथेच. वर्षानुवर्षं भात तिथेच झोडतात, तिथेच उफणतात. आत्या तिवईवर उभी होती, डोक्याच्या वर सूप, आणि मी खाली भाताचा ढीग सुपात भरून देत होते. प्रधान आले आणि उन्हात उभे राहिले. आत्या वाऱ्याची वाट पाहत होती. वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

“नाही वाटतं आज,” ते म्हणाले.

“येल,” आत्या म्हणाली. “सावली त्या वडाला लागली की येतो. खिंडीतना येतो. गाडी चुकंल, तो चुकायचा नाय.”

सावली वडाला लागली. आधी वालाची पानं एका बाजूने उलटली, पांढुरकी झाली. मग तो आला, पश्चिमेच्या खिंडीतून, खाडीवरून तासभर चालत आल्यासारखा, अंगाला थोडा खारट. आत्याने सूप हलवलं. भात सरळ खाली पडला, सोन्याच्या दोरीसारखा, आणि फोल मात्र वाऱ्याबरोबर पूर्वेला उडत गेलं, लांब, कातळाच्या कडेवरून खाली पट्टीत. उन्हात त्या फोलाचा एक पिवळा पडदा हवेत उभा राहिला. भरलेलं जिथल्या तिथे, पोकळ असेल ते बाहेर. सुगीत हा वास असतो, गरम धुळीचा, पेंढ्याचा, घामाचा, आणि नाकात जाणाऱ्या बारीक कुसाचा. मला शिंका येत होत्या.

प्रधान हलले नाहीत. त्यांच्या खांद्यांवर, टोपीवर फोल साचलं. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि बाण काढायला लागले. दाणा कुठे, फोल कुठे, किती पावलांवर. पळत कडेला गेले, परत आले. साठीतला माणूस असा पळू नये.

“रोज?” त्यांनी विचारलं. “रोज याच वेळी, असाच?”

“पौषात रोज. भाताला काय खोटं सांगतोय काय आमी?”

“आणि या कातळावर पाणी थांबतं का?”

आत्याने सूप खाली केलं आणि त्यांच्याकडे पाहिलं, एखादं पोर फार उशिरा बोलायला लागावं तसं. “हितं थांबलं असतं तर मी भात वाळवला असता काय? तुमचं ते गवत हितं ठेवा ना. पलीकडच्या टेकाडावरना मारा. वाल मधी राहू दे, तो काय तुमच्या चेंडूला चावत नाय.”

कातळ कंपनीने घेतलेल्या टेकाडातच होता. खळ्याची वहिवाट तेवढी आमची.

वारा चालू होता. प्रधान पलीकडच्या टेकाडाकडे पाहत होते, मग पट्टीकडे, मग पायाखालच्या कातळाकडे. मी त्यांच्या डोळ्यांनी पाहायचा प्रयत्न केला आणि, सांगायला संकोच वाटतो, मला तो दिसला. पलीकडे मारायचा ओटा. मध्ये संबंध पट्टी, पावसाळ्यात आरशासारखी, हिवाळ्यात वालाने गच्च. अलीकडे कातळावर हिरवळ, कडेला निशाण. चेंडू शांत हवेत निघणार आणि अर्ध्या वाटेवर खिंडीतला वारा त्याला उफणणार. भरलेला फटका पोचणार. पोकळ असेल तो फोलाच्या वाटेने खाली.

“तळं नको,” मी म्हणाले. “प्लास्टिक नको. एक इंच जमीन विकायची नाही.”

“नको,” प्रधान म्हणाले. ऐकत होते की नाही कोण जाणे.

“बांधावरची वाट बंद होणार नाही. कुंपण येणार नाही. हे खळं हलवायचं असेल तर याच वाऱ्यात दुसरं बांधून द्यायचं. आधी.”

“हो.”

“आणि शेतात माणूस असेपर्यंत खेळ बंद.”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ते अवघड आहे.”

“अवघड आणि अन्याय यांत फरक असतो, अहो.”

ते हसले. पहिल्यांदाच. दात पुढे होते, बिचाऱ्यांचे.

पेणला मी एका गणपतीच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत राहते. मूर्तिकार दत्तूदादा हे माझे घरमालक आणि माझ्या घोषणांचे पहिले टीकाकार. मॅनेजरला कागदावरचं पटत नाही म्हणून सातवा होल शाडूत करून दाखवायचं ठरलं, आणि प्रधान तीन दिवस पेणला येऊन दत्तूदादांच्या पाटावर बसले. भोवती रंग न दिलेले दीडशे गणपती, सगळे आमच्याकडे तोंड करून. ओल्या शाडूचा थंड वास. टेकाडं झाली, पट्टी झाली. हिरवळीपाशी घोडं अडलं. प्रधान तिला उंचवटा देत, पुसत, पुन्हा देत.

“अहो, ते पोटासारखं करताय तुम्ही,” दत्तूदादा म्हणाले. “पोटावर काय थांबणार? सगळं घरंगळणार. तळव्यासारखं करा.” आणि जवळच्या मूर्तीचा आशीर्वादाचा हात दाखवला. “हा असा. मनगटाकडे उंच, बोटांकडे उतरता, मध्ये जरासा खोल. देतोय पण आणि सांभाळतोय पण. बोटांच्या फटीतून गेलं ते गेलं.”

त्यांनी अंगठ्याने दोनदा दाबलं. झाली हिरवळ. मी सांगते, तिच्यावर आज जे खेळतात त्यांना ठाऊकसुद्धा नाही की ते कोणाच्या हातावर खेळतात. उजव्या बाजूला प्रधानांनी भित्र्यांची वाट ठेवली, बुटक्या गवताची, पट्टीला वळसा घालून. तिच्यावरून गेलं की एक फटका जास्त पडतो, पण चेंडू वाचतो.

कंपनीच्या मॅनेजरशी बैठक झाली ती रोह्याला, ए.सी. खोलीत. शाडूचं टेकाड टेबलावर, आत्या खुर्चीच्या कडेवर टेकलेली, मी उभी. मला बसून बोलता येत नाही. मॅनेजरला होल आवडला. नियम आवडला नाही.

“इथे मोठमोठी माणसं येणार,” तो म्हणाला. “शेतात कोणीतरी शेंगा तोडतंय म्हणून ती थांबणार? तुम्हीच सांगा, शोभतं का?”

पत्रकात असतं ते सगळं माझ्या घशाशी आलं. कूळ, खोत, कायदा, शतकानुशतकं. पण मी एकच फटका मारला. “चेंडू कोणाच्या डोक्याला लागला तर काय कराल, ते लिहून द्या. आत्ता. मी तेच छापते.”

मॅनेजरने पेन उचललं नाही. प्रधान म्हणाले, “नियम ठेवा. नाहीतर आराखड्यावर माझी सही नाही.” त्यांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. तो आवाज, टोपणाचा टक असा, मी विसरणार नाही. मोर्च्यातल्या ढोलांपेक्षा मोठा होता.

नियम मी लिहिला. बांधावर बांबू राहील. बांबूवर लाल फडकं असेल तोवर शेतात माणूस आहे. शेतात माणूस असेल तोवर चेंडू मारायचा नाही. फडकं चढवायचा आणि उतरवायचा हक्क शेताचा. शेतात पडलेला चेंडू शेताचा. पाच वाक्यं, एकही उद्गारचिन्ह नाही. माझं सगळ्यात चांगलं पत्रक तेच.

संघटनेतले काही मित्र माझ्याशी बोलायचे बंद झाले. तडजोड केलीस म्हणाले. एकाने तर विचारलं, आता टोपी घालून खेळणार का? मला लागलं. बाकीच्या सतरा होलांबद्दल मी आजही भांडते, उन्हाळ्यात त्या गवताला पाणी कुठून येतं हे विचारायचं मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. पण ज्यांना ही तडजोड वाटते त्यांनी एकदा पौषात येऊन बांधावर उभं राहावं. पट्टी आत्याची आहे. वाट खुली आहे. नवीन खळं कातळाच्याच शेजारी, त्याच वाऱ्यात आहे. आणि दोन टेकाडं, जी आम्ही कधीच गमावली होती, ती आत्याच्या फडक्याकडे पाहून चालतात. याला हरणं म्हणतात का?

मैदान उघडलं त्या दिवशी पाहुण्यांनी सातव्या होलवर एकामागून एक चेंडू मारले. दुपारचे चार. प्रधानांनी वेळ मुद्दाम साधली असणार. पहिला चेंडू वालात. दुसरा वालात. तिसरा हिरवळीवर उतरला, बोटांच्या फटीतून घरंगळला आणि वालात. आमच्या बाजूच्या बांधावर अख्खं गाव बसलं होतं, आणि प्रत्येक चेंडूला बायका “गेला गो!” म्हणून टाळ्या पिटत होत्या. असा विजयोत्सव मी कुठल्या सभेत पाहिलेला नाही. आत्याने घमेलंभर चेंडू गोळा केले. त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण दाबून बसतं असा तिला शोध लागला, फडक्यात बांधून वजनाला ठेवायचे.

त्यानंतरचा हा चौथा पौष. मी काल आले. आत्याची नजर आता संध्याकाळी काम देत नाही, म्हणून आमची पोपटी दुपारीच लागते, पट्टीच्या कडेला, बांधाच्या आत. मडकं उपडं झालं, पेंढा पेटला. धूर सरळ वर गेला, वारा यायचा होता. बांबूवर लाल फडकं, आत्याच्या जुन्या लुगड्याचं. पलीकडच्या ओट्यावर चौघं ताटकळत होते. त्यांतले एक प्रधान, टोपीवरून ओळखले. त्यांच्या सोबतच्या कोणीतरी तोंडाभोवती हात धरून ओरडून विचारलं, “अजून किती वेळ?”

आत्याने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र झालं नाही. “शिजली नाय अजून!” ती ओरडली.

मला आपलं राहवलं नाही. “आत्या, आपण काय काम करत नाही आहोत. नुसती पोपटी लावलीय. फडकं उतरवायला हवं ना?”

“तू काय लिवलंस कागदात? काम असेल तवर, का मानूस असेल तवर?”

“माणूस असेल तोवर.”

“मग?” आत्या म्हणाली. “मी मानूस नाय काय गो?”

माझंच पत्रक मला असं वाचून दाखवणारं दुसरं कोणी नाही. मी जाळ सारला. पलीकडे प्रधानांनी सोबत्यांना काहीतरी सांगितलं आणि ते गवतावर बसले, मग एकेक करून बाकीचेही. चार मोठी माणसं, एका मडक्याच्या चर्र होण्याची वाट पाहत. वडाला सावली लागली. वालाची पानं उलटली.

चर्र झालं. मडकं फोडलं नाही, पाला उपसून शेंगा पाटीत ओतल्या. भांबुर्ड्याची वाफ तोंडावर आली, डोळ्यांत पाणी आलं. आम्ही पाटी उचलून बांधाबाहेर आलो आणि आत्याने सावकाश, गाठ सोडवत, फडकं उतरवलं.

प्रधान उठले. त्यांनी चेंडू ठेवला, खिंडीकडे पाहिलं, हिरवळीकडे पाहिलं. या होलची प्रत्येक खोड त्यांना ठाऊक. फटका सुरेख बसला, आवाजावरून मलाही आता कळतं. चेंडू उंच गेला, पट्टीच्या मधोमध आला आणि तिथे वाऱ्याने त्याला अलगद बाजूला घेतलं, सुपातून घ्यावं तसं. वालात पडला. त्यांनी टोपी काढून आमच्याकडे पाहून हलवली.

“फोल,” आत्या म्हणाली. मग तिने कपाळावर हात धरून पट्टीत पाहिलं. “वेल मोडला गो त्याने. काठी लावायला पायजे.”

ती खाली उतरायला निघाली. दोन पावलं गेली, थांबली, मागे आली, खांद्यावरचं फडकं बांबूला पुन्हा बांधलं, गाठ ओढून पाहिली, आणि मग वालात शिरली.

पलीकडे दुसऱ्या खेळाडूने उचललेली काठी खाली केली. चौघं पुन्हा गवतावर बसले.